बाल्कनच्या दुर्लक्षित राजधान्या, स्वतः आखून : स्कोप्ये, प्रिश्तिना, तिराना, पोदगोरित्सा, सारायेव्हो

घाटवाट

बाल्कन म्हटलं की आपली मंडळी दुब्रोव्हनिक, स्प्लिट आणि वेळ उरलाच तर कोतोर ही किनाऱ्यावरची शहरं करतात. राजधान्यांकडे कुणी फिरकत नाही. "तिथे बघायला आहे काय?" हे मला घरच्यांनी विचारलं, ऑफिसात विचारलं, फॉर्म भरून देणाऱ्या एजंटनेही विचारलं. म्हणून हा धागा काढतेय. सप्टेंबर-ऑक्टोबरात मी वर लिहिलेल्या पाच शहरांतून (अनुक्रमे उत्तर मॅसिडोनिया, कोसोवो, अल्बानिया, माँटेनेग्रो आणि बोस्नियाच्या राजधान्या), त्याच क्रमाने, एकटी, बसने फिरून आले. माझं मत पक्कं झालंय: किनारा कमी करा, पण या शहरांना दिवस द्या. एका रात्रीत उरकू नका.

कारण सांगते. इथे स्थळांची यादी लहान आहे, पण जे घडलं ते चालत्याबोलत्या माणसांच्या आयुष्यात घडलंय. वेढा, हुकूमशाही, भूकंप, देशाचं नाव बदलणं, नवा देश होणं. ज्यांनी हे सोसलं तीच माणसं तुम्हाला कॉफी आणून देतात, बसमध्ये शेजारी बसतात. दुपारी पोचून सकाळी निघालात तर यातलं काहीच कळत नाही, आणि मग "काही नाही हो तिथे" असं सांगत आपण परत येतो.

स्कोप्येपासून सुरुवात करा. २६ जुलै १९६३ ला पहाटे ५ वाजून १७ मिनिटांनी इथे भूकंप झाला. हजाराहून जास्त माणसं गेली, शहराचा बहुतांश भाग कोसळला. जुन्या रेल्वे स्टेशनची अर्धी इमारत तशीच उभी ठेवलीय, आता तिथे शहराचं संग्रहालय आहे. दर्शनी भिंतीवरचं घड्याळ अजूनही ५:१७ दाखवतं. त्या वेळी जगभरातून मदत आली. शहराच्या मध्यभागाचा आराखडा जपानच्या केन्झो तांगे यांनी केला. किल्ल्याच्या टेकडीवरचं आधुनिक कलेचं संग्रहालय ही पोलंडने दिलेली इमारत, आणि आतली चित्रंही जगभरच्या चित्रकारांनी भेट दिलेली. त्यात पिकासोचं एक आहे. मी गेले तेव्हा दालनांत जेमतेम दोन-तीन माणसं होती. गच्चीवरून अख्खं शहर दिसतं.

मधल्या चौकात मात्र 'स्कोप्ये २०१४' नावाच्या सरकारी प्रकल्पाने पुतळ्यांची गर्दी केलीय, आणि तांगेंच्या काळातल्या काँक्रीटच्या इमारतींना खोटे खांब-कमानी चिकटवल्यात. २०१६ मध्ये लोकांनी निषेध म्हणून या इमारतींवर रंगाचे फुगे फेकले होते. मला हा चौक आवडला नाही. दगडी पूल ओलांडून जुन्या चार्शियात, म्हणजे उस्मानी काळातल्या बाजारपेठेत शिरलं की जीव रमतो.

सप्टेंबरात गेलात तर बित पाझार या मंडईत सकाळी जाच. लाल मिरच्यांची पोती माणसाच्या कमरेएवढ्या थप्प्यांत लागलेली असतात. लांबट, जाड सालीच्या, तिखट नसलेल्या मिरच्या. लोक पोतीच्या पोती घरी नेतात. मग इमारतींमागच्या मोकळ्या जागांत पत्र्याच्या शेगड्या पेटतात, मिरच्या काळ्या होईस्तोवर भाजतात, पिशवीत बांधून घाम आणतात, हाताने साल-बिया काढतात आणि मोठ्या पातेल्यात तेलावर तासन् तास घोटतात. हा आय्वार. आपल्याकडे वाळवणाच्या दिवसांत घरातली सगळी माणसं जुंपलेली असतात, तसंच. मी राहत होते त्या घराच्या मालकीणबाईंनी मला साली काढायला बसवलं. बोटं दोन दिवस लाल होती आणि त्यांच्या घरची अर्धी माणसं माझ्या ओळखीची झाली. १९६३ साली त्या शाळेत जात होत्या. भूकंपाबद्दल मी विचारलं नव्हतं, त्यांनीच साली काढता काढता सांगितलं.

स्कोप्ये ते प्रिश्तिना बसने दोन तास. प्रिश्तिना दिसायला सुंदर नाही, पण मला सगळ्यात जास्त आवडलं. शहर तरुण आहे, बोलकं आहे, आणि एक-दीड युरोत मिळणारी मॅकियाटो मी युरोपात कुठेच इतकी चांगली प्यायले नाही. नॅशनल लायब्ररीची १९८२ ची इमारत नक्की बघा: ९९ घुमट आणि सगळ्या इमारतीला धातूची जाळी. काहींना ती जगातली सगळ्यात कुरूप इमारत वाटते. मी आत जाऊन बसले, वरून येणारा उजेड पाहिला आणि मला ती फार आवडली. १७ फेब्रुवारी २००८ ला कोसोवोने स्वातंत्र्य जाहीर केलं, त्या दिवशी उभारलेलं 'न्यूबॉर्न' अक्षरशिल्प दरवर्षी नव्याने रंगवतात. तिथून जवळच 'हेरोइनात' हे स्मारक आहे. दुरून एका बाईचा चेहरा दिसतो. जवळ गेलं की कळतं, तो २०,००० छोट्या पदकांनी घडवलाय. कोसोवोच्या युद्धात बलात्कार सोसलेल्या स्त्रियांसाठी आहे ते. इथे घाई करू नका.

प्रिश्तिनाहून ग्राचानित्सा मठ अगदी जवळ, सिटी बसने जाता येतं. १३२१ सालचा सर्बियन ऑर्थोडॉक्स मठ, आतल्या भिंती वरपासून खालपर्यंत चित्रांनी भरलेल्या. खांदे झाकलेले हवेत.

तिराना, पोदगोरित्सा, सारायेव्होबद्दल खाली लिहिते. तोवर प्रश्न विचारा.

स्टुटगार्टकर

उत्तम धागा. जर्मनीच्या रेसिडेन्स परमिटवर मी यातल्या चार ठिकाणी गेलोय, कुठेच वेगळा व्हिसा लागला नाही. भारतातून येणाऱ्यांचं काय?

घाटवाट

@स्टुटगार्टकर, वापरात असलेला मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर या पाचही देशांत वेगळा व्हिसा न काढता जाता येतं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. अल्बानियाला तो शेंगेन व्हिसा आधी एकदा वापरलेला लागतो, म्हणजे आधी कुठल्यातरी शेंगेन देशात उतरून मग या. दुसरं, सिंगल एंट्री असेल तर बाल्कनमध्ये शिरलात की शेंगेनमध्ये परत येता येणार नाही, आणि परतीचं विमान बहुतेकांचं तिथूनच असतं. किती दिवस राहता येतं ते प्रत्येक देशाचं वेगळं आहे. त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर निघायच्या आठवड्यात पुन्हा वाचा आणि त्या पानाची प्रत जवळ ठेवा. एका सीमेवर मला तिचा उपयोग झाला.

या देशांतले दिवस शेंगेनच्या ९० दिवसांत धरत नाहीत. लांबच्या प्रवासाला हे सोयीचं पडतं.

शिरपेच

क्रम महत्त्वाचा आहे म्हणून लिहितो. कोसोवोतून थेट सर्बियात जाऊ नका. कोसोवो वेगळा देश आहे हे सर्बिया मानत नाही. तुम्ही मॅसिडोनिया किंवा अल्बानियातून कोसोवोत शिरलात आणि तिथून सर्बियाच्या नाक्यावर गेलात, तर त्यांच्या दृष्टीने तुम्ही बेकायदा देशात आलेले असता आणि परत पाठवतात. बेलग्रेड करायचंच असेल तर सगळ्यात शेवटी, बोस्निया किंवा माँटेनेग्रोमार्गे करा.

शिवाय भारतानेही कोसोवोला मान्यता दिलेली नाही. प्रिश्तिनात आपला दूतावास नाही. पासपोर्ट हरवला तर काम फार अवघड होईल. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना कोसोवोचं नाव यादीत आहे का ते आधी विचारा. आणि सर्बियाने १ जानेवारी २०२३ पासून भारतीयांचा विनाव्हिसा प्रवेश बंद केलाय. त्याआधीचे व्हिडिओ बघून निघू नका.

ओवी

ताई, एकटी बाई म्हणून कसं वाटलं? आई सारखी हेच विचारतेय. आणि रात्री बाहेर?

घाटवाट

@ओवी, आईला सांग, या पाचही शहरांत संध्याकाळी सगळं गाव रस्त्यावर असतं. अल्बानियात याला 'जिरो' म्हणतात, स्लाव्ह भाषांत 'कोर्झो'. आजी-आजोबा, बाबागाड्या, कॉलेजची मुलं, सगळे एकाच रस्त्यावर इकडून तिकडे चालत असतात. रात्री नऊ-दहापर्यंत मी त्यांच्यात होते आणि मला एकदाही भीती वाटली नाही. भीती म्हणशील तर वाहतुकीची, तिरानात रस्ता ओलांडताना. टॅक्सी मात्र बस स्टँडबाहेर घोळका करून उभ्या असतात त्यांतली घेऊ नकोस. राहत्या जागेतून बोलावून घे किंवा मीटर लावणारी बघ. उशिरा पोचणारी बसही टाळ. मी सगळे प्रवास सकाळचेच ठेवले होते.

पहिला आठवडा काही लोक टक लावून बघतात असं वाटलं. नंतर कळलं की भारतीय माणूसच क्वचित दिसतो, म्हणून. "इंदिया?" आणि लगेच पुढचं नाव मदर तेरेसा. त्यांचा जन्म स्कोप्येचा, १९१० चा, घराणं अल्बेनियन. तिरानाचा विमानतळ त्यांच्या नावाचा, प्रिश्तिनाचं कॅथेड्रल आणि मुख्य रस्ताही त्यांच्याच नावाचा. कोलकात्यात काय पाहिलं, कधी गेले होते, अशा गप्पा मी तिन्ही शहरांत केल्या. तिरानात एका आजोबांनी सांगितलं ते मनातून जात नाही: मदर तेरेसांची आई आणि बहीण तिरानातच राहत होत्या, पण एन्व्हर होजा या कम्युनिस्ट हुकूमशहाच्या राजवटीत तेरेसांना भेटायला येऊ दिलं नाही. दोघी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गेल्या. तेरेसांना या शहरात पाऊल ठेवता आलं ते १९८९ मध्ये.

उनाड पाऊस

तिरानाबद्दल लिहा ना सविस्तर. ऑक्टोबरचं तिकीट काढलंय.

घाटवाट

@उनाड पाऊस, प्रिश्तिनाहून तिरानाला जाणारा महामार्ग डोंगर फोडून काढलाय, चार-पाच तास, खिडकीची जागा घ्या. वाटेत कुकस लागतं. १९९९ मध्ये कोसोवोतून हाकलली गेलेली लाखो माणसं या छोट्या गावातून आली आणि गावाने त्यांना घरात घेतलं. २००० साली नोबेल शांतता पुरस्कारासाठी या गावाचं नाव सुचवलं गेलं होतं. बस तिथे थांबली तर खाली उतरा, हवा सुरेख असते.

तिरानात स्कांदरबेग चौकातली एतहेम बेची मशीद आधी बघा. १९६७ मध्ये होजाने धर्मावरच बंदी आणली. चर्च, मशिदी, सगळं बंद, देश अधिकृतपणे नास्तिक. १८ जानेवारी १९९१ ला हजारो लोक परवानगी न घेता या मशिदीत शिरले आणि नमाज पढले. पोलीस बाजूला उभे राहिले. आतल्या भिंतींवर झाडं, पूल, धबधबे रंगवलेत, मशिदीत असं क्वचितच दिसतं.

मग 'पानांचं घर'. बाहेरून वेलींनी झाकलेली साधी दुमजली इमारत, मुळात बाळंतपणाचं रुग्णालय, नंतर गुप्तहेर खात्याचं ठाणं. आता पाळतीचं संग्रहालय आहे. घरांत, कचेऱ्यांत लपवून ठेवायची ऐकण्याची यंत्रं, लोकांवर ठेवलेल्या नोंदी. मी सकाळी गेले आणि नंतर तासभर समोरच्या बाकावर नुसती बसले. बंक'आर्ट, म्हणजे जुन्या बंकरमधली संग्रहालयं, दोन आहेत: दुसरं मध्यवर्ती, पहिलं दाइती डोंगराच्या रोपवेजवळ. एकच करायचं तर पहिलं करा. डोंगराच्या पोटात होजा आणि त्याच्या अधिकाऱ्यांसाठी बांधलेलं पाच मजली भूमिगत ठिकाण आहे, आणि लगेच रोपवेने वर जाऊन मोकळा श्वास घेता येतो.

पिरॅमिडही बघा. १९८८ मध्ये होजाचं संग्रहालय म्हणून उघडलं, नंतर अनेक वर्षं मोडकळीला आलेलं, पोरं त्याच्या उतारावरून घसरगुंडी खेळायची. २०२३ मध्ये नव्याने उघडलं. आता बाहेरून पायऱ्या आहेत आणि कुणीही माथ्यापर्यंत जाऊ शकतं. हुकूमशहाच्या स्मारकावर शाळकरी मुलं डबे उघडून बसलेली पाहिली आणि मला खूप बरं वाटलं.

पैशांचं एक: १९६५ मध्ये अल्बानियाने नोटांवरचं एक शून्य कमी केलं, पण बोलण्यात ते अजून गेलेलं नाही. भाजीवाल्या आजी "पाच हजार" म्हणाल्या तर बहुतेक वेळा ५०० लेक द्यायचे असतात. फसवणूक नसते. आकडा मोबाईलवर लिहून दाखवायला सांगा. आणि उरलेले लेक देश सोडण्याआधीच बदलून टाका.

चकली

शाकाहाराचं बोला कुणीतरी. आम्ही दोघं अंडंही खात नाही. मांसाहारी देश म्हणून आजवर टाळत आलोय.

निवांत नाना

@चकली, आमच्या सौ. पूर्ण शाकाहारी, दोनदा जाऊन आलो, उपाशी राहिली नाही. उत्तर मॅसिडोनिया, माँटेनेग्रो आणि सर्बियात 'पोस्नो' हा शब्द पाठ करा. ऑर्थोडॉक्स लोकांच्या उपासाचं खाणं: मांस, दूध, अंडं काहीच नाही. बेकरीत, हॉटेलात वेगळं मिळतं. फक्त मासे चालतात का ते विचारून घ्या, काही उपासांना ते चालतात. स्कोप्येत तावचे-ग्रावचे, म्हणजे मातीच्या पसरट भांड्यात भाजलेला घेवडा. सॉसेजशिवाय मागायचा.

बोस्नियात बुरेक म्हणजे मांसाचंच. चीजचं हवं तर सिर्नित्सा, पालकाचं झेल्यानित्सा, बटाट्याचं क्रोम्पिरुशा. सारायेव्होत निखाऱ्यांवर लोखंडी झाकणाखाली भाजतात, गरम गरम घ्या. अंड्याचं मात्र दर ठिकाणी विचारा, काही जण सारणात घालतात.

घाटवाट

नाना, फार उपयोगाचं लिहिलंत. यात तिरानाची फेर्गेसे घालते: ढोबळी मिरची, टोमॅटो आणि पनीरासारखं चीज मातीच्या वाडग्यात. काळजाच्या तुकड्यांचीही करतात, म्हणून सांगून घ्यायची. कोसोवोत सायीतल्या मिरच्या मिळतात, पावाबरोबर अप्रतिम लागतात.

सह्यकडा

मी थोडं विरुद्ध लिहितो, राग मानू नका. सारायेव्हो मान्य, तिराना मान्य. पण पोदगोरित्सात एक रात्रही घालवू नये. आम्ही भर उन्हात दिवसभर भटकलो, काही हाती लागलं नाही. तीच रात्र कोतोरला दिली असती तर बरं झालं असतं. सुट्ट्या मोजक्या असतात, नोकरदार माणसाने शहर आवडून घ्यायला दिवस कुठून आणायचे?

घाटवाट

@सह्यकडा, राग कसला. उन्हाळ्यात पोदगोरित्सा भाजून काढतं हे खरंच, जुलै-ऑगस्टात मीही कुणाला पाठवणार नाही. पण ते असं का दिसतं ते सांगावंसं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात या शहरावर सत्तरहून जास्त वेळा बाँब पडले. जुनं गाव जवळपास संपलंच. युद्धानंतर तितोग्राद या नावाने नव्याने बांधलं, १९९२ मध्ये जुनं नाव परत आलं. स्तारा वारोश या जुन्या वस्तीतला घड्याळाचा मनोरा, दोन मशिदी आणि रिब्नित्सा नदीवरचा छोटा दगडी पूल एवढंच वाचलं. त्या पुलाखाली संध्याकाळी मुलं पाण्यात पाय सोडून बसतात. मी तिथेच बसायचे.

आणि मुक्काम शहरासाठीच असं नाही. बस आणि रेल्वे स्टेशन शेजारी-शेजारी आहेत. सकाळची लोकल धरली की गाडी बांधावरून स्कादर तळं ओलांडून विरपाझारला सोडते, तिथून होडी. दुसऱ्या दिवशी बसने त्सेतिन्ये, जुनी राजधानी: छोटंसं गाव, त्यात एकेकाळच्या मोठमोठ्या देशांच्या वकिलातींच्या इमारती. कोतोरला एका रात्रीचे जे पैसे पडतात त्यात इथे आरामात जास्त राहता येतं.

रेल्वेवेडा

पोदगोरित्साचं नाव निघालं आणि बार–बेलग्रेड लाइनबद्दल कुणी लिहिलं नाही! १९७६ मध्ये सुरू झालेली, ४७६ किमी, अडीचशेच्या वर बोगदे. पोदगोरित्साच्या उत्तरेला माला रियेका पूल आहे, दरीपासून साधारण २०० मीटर उंच. कोकण रेल्वेचा रत्नागिरीजवळचा पानवल पूल ६४ मीटरचा, म्हणजे त्याच्या तिपटीहून उंच. बांधला तेव्हा आणि पुढची पंचवीस वर्षं जगातला सगळ्यात उंच रेल्वे पूल हाच होता.

बेलग्रेडपर्यंत जायची गरज नाही. दिवसाची लांब पल्ल्याची गाडी साधारण उन्हाळ्यातच असते, रात्रीच्या गाडीतून काही दिसत नाही. पोदगोरित्साहून कोलाशिनची लोकल घ्या. पोदगोरित्सा समुद्रसपाटीच्या जरा वर आणि कोलाशिन स्टेशन हजार मीटरच्या वर, दीडेक तासात एवढी चढण. मोराचा नदीची दरी खाली खाली जात राहते. मी दारात उभा राहून गेलो. आयुष्यात पाहिलेल्या सगळ्यात सुंदर रेल्वे प्रवासांपैकी एक.

बाकी या भागात रेल्वेवर भिस्त ठेवू नका. तिरानाचं मध्यवर्ती स्टेशन २०१३ मध्येच पाडलं. बसच खरी.

सह्यकडा

@रेल्वेवेडा, हे आधी माहीत असतं तर कोलाशिन नक्की केलं असतं. एवढ्यासाठी एक रात्र मान्य. :)

डोंबिवलीकर

बसची तिकिटं ऑनलाइन काढावी का? आणि गाडी भाड्याने घेतली तर?

घाटवाट

@डोंबिवलीकर, ऑनलाइन वेळापत्रकात सगळ्या बस दिसत नाहीत. मी आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन तिकीट काढायचे, फेरफटकाही होतो. डिक्कीत सामान ठेवायला ड्रायव्हर साधारण एक युरो किंवा तेवढे सुटे मागतो. पद्धतच आहे ती, नाणी वरच्या खिशात ठेवा. काही स्टँडवर फलाटाच्या गेटातून जायलाही तिकीट लागतं, ते बसच्या तिकिटाबरोबर मिळतं, फेकून देऊ नका. अल्बानियात फुर्गोन म्हणजे मिनीबस भरली की सुटते, सकाळी लवकर जाणं बरं.

गाडी मी घेतली नव्हती. पण कोसोवो ग्रीन कार्ड (एका देशाचा गाडीचा विमा दुसऱ्या देशातही चालतो ती) विमा व्यवस्थेत नाही, सीमेवर वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि भाड्याची गाडी तिथे न्यायला परवानगी आहे का ते कंपनीकडून लेखी घ्या.

युरोपसाठी घेतलेलं ई-सिम या देशांत चालेलच असं नाही, देशांची यादी वाचा. आणि कुणाच्या घरी किंवा अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर मालकाने तुमची पोलिसांत नोंद केली का ते विचारा. हॉटेलं आपणहून करतात, घरमालक विसरू शकतात.

पोदगोरित्सा–सारायेव्हो हा सगळ्यात लांबचा टप्पा, सहा-सात तास, पण तो दिवसाच करा. निक्शिचच्या पुढे रस्ता पिवा नदीच्या दरीत शिरतो. कडेच्या कातळात कोरलेले अरुंद बोगदे आणि खाली धरणाचं हिरवं पाणी. या धरणात सोळाव्या शतकातला पिवा मठ बुडणार होता. तो दगड-दगड सुटा करून, भित्तिचित्रांसकट, वर नेऊन पुन्हा बांधला. १९६९ ते १९८२ हे काम चाललं होतं.

ओवी

सारायेव्होबद्दल एक मनातलं विचारते. युद्धाची ठिकाणं 'बघायला' जाणं बरोबर आहे का? दुसऱ्यांच्या दुःखाचं तिकीट काढल्यासारखं वाटतं.

घाटवाट

@ओवी, मलाही जाण्याआधी हाच प्रश्न पडला होता. बोस्नियाच्या युद्धात सारायेव्होला पडलेला वेढा ५ एप्रिल १९९२ ला सुरू झाला आणि २९ फेब्रुवारी १९९६ ला संपला, १,४२५ दिवस. मी एक ठरवलं: जी ठिकाणं तिथल्याच माणसांनी उभी केलीत, तिथेच जायचं. 'वॉर चाइल्डहूड म्युझियम' २०१७ मध्ये उघडलं. वेढ्यात लहान असलेल्यांनी स्वतःच्या वस्तू दिल्यात: एखादं खेळणं, कपडा, वही, आणि शेजारी त्यांच्याच शब्दांत दोन-चार ओळी. मोठे नकाशे नाहीत, सेनापती नाहीत. लहान आहे, पण मला तिथे खूप वेळ लागला, कारण प्रत्येक ओळ वाचावीशी वाटते.

विमानतळाखालचा बोगदाही असाच. १९९३ मध्ये दोन्ही बाजूंनी हाताने खणला, साधारण ८०० मीटर लांब, आणि अन्न, औषधं, माणसं, सगळं त्यातून जायचं. आता थोडाच भाग उघडा आहे. मी फार उंच नाही, तरी वाकूनच चालावं लागलं. तीन नंबरच्या ट्रामने इलिजापर्यंत जाऊन पुढे टॅक्सी करता येते.

रस्त्यावर तोफगोळ्यांचे खड्डे लाल रंगाने भरलेले दिसतील, त्यांना 'सारायेव्होचे गुलाब' म्हणतात. त्यांवर पाय देऊ नकोस. फोटोपेक्षा थांबणं महत्त्वाचं.

आणि शहराला फक्त वेढ्यापुरतं बघू नकोस, तिथल्या लोकांनाही ते आवडत नाही. गाझी हुस्रेव-बेगची मशीद, सेफार्दी ज्यूंचं जुनं देवालय, कॅथेड्रल आणि ऑर्थोडॉक्स चर्च, सगळं पायी दहा मिनिटांत. वियेच्नित्सा, म्हणजे जुनी नगरपालिका आणि नंतरचं राष्ट्रीय ग्रंथालय, १९९२ च्या ऑगस्टमध्ये जाळलं गेलं, लाखो पुस्तकं गेली. २०१४ मध्ये पुन्हा उघडलं. सूर्यास्ताला पिवळ्या बुरुजावर जा, कॉफी घे. ती तांब्याच्या तबकात, जेझवेत (लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात) आणि लोकुम या मिठाईबरोबर येते, ती घाईत प्यायची नसते.

उनाड पाऊस

डिसेंबरात जायचं म्हटलं तर? बर्फ मिळेल.

स्टुटगार्टकर

बर्फ मिळेल, पण स्कोप्ये आणि सारायेव्होत हवा फार वाईट असते. दोन्ही शहरं डोंगरांच्या कुशीत, घराघरांत लाकूड-कोळसा जळतो, धूर वर जात नाही. मी जानेवारीत सारायेव्होला होतो, चार दिवसांत समोरचा डोंगर दिसला नाही. दमा असेल तर टाळाच. रोपवेने त्रेबेविचवर गेलं की धुराच्या वर येता, तिथे स्वच्छ ऊन आणि १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकचा बॉबस्लेचा ट्रॅक. पण मुक्काम खालीच. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम.

चकली

सगळ्यांचे आभार, आता धीर आला. आई-बाबांना न्यायचंय, दोघं सत्तरीच्या आसपास. सगळं जमणार नाही. तीनच निवडायची तर कुठली?

घाटवाट

@चकली, स्कोप्ये, तिराना, सारायेव्हो. प्रिश्तिना सोडताना मला वाईट वाटतंय, पण आई-बाबांना बस बदलायचे कष्ट कमी होतील. स्कोप्येत चौकाजवळ राहा, सगळं सपाट आहे. सारायेव्होत बाश्चार्शिया या जुन्या बाजारपेठेच्या वर चढावर घरं स्वस्त मिळतात, ती घेऊ नका. ट्रामच्या रस्त्यावर राहा आणि लिफ्ट आहे का ते फोन करून विचारा. तिरानाहून सारायेव्होचा प्रवास एका दिवसात करू नका, मध्ये पोदगोरित्साला झोपा.

आणि सारायेव्होत दोन बस स्टँड आहेत. मुख्य स्टँड रेल्वे स्टेशनजवळ, दुसरा पूर्व सारायेव्होत लुकावित्साला. माँटेनेग्रोच्या बऱ्याच बस लुकावित्सालाच सोडतात. तिकीट काढताना कुठला ते विचारा. लुकावित्सा असेल तर थोडं चालून दोब्रिन्याहून १०३ नंबरची ट्रॉलीबस शहरात जाते, पण सामान आणि आई-बाबा बरोबर असताना मालकांना सांगून टॅक्सी आधीच बोलावून ठेवा.

चकली

नोंद केली. एप्रिलचं बघते, व्हिसा आला की इथेच कळवते.